बगळे आणि सहा ऑक्टोबर

पोर्ट कॉर्विन
रविवार, १० जून १९७३

ती. व्हांडाताईस,
ब्रोनिकचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. ओटोभावजींच्या गुडघ्याचं वाचलं. त्यांना म्हणावं, जिने चढणं बंद करा आणि गुडघ्यावर भाषणं देणंही.

इकडची बातमी अशी की आपल्या हालिनाचं लग्न ठरलं. मुलगा तुझ्याच ॲशफर्डचा, एमिल ड्रेसलर, मालवाहू बोटीवर असतो. तुझ्या गावचा आहे हे सोडलं तर त्याच्यात मला खोट दिसली नाही. त्याला रजा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. ती हुकली की सरोवर गोठून बोटी उभ्या राहीपर्यंत, म्हणजे जानेवारी सरेपर्यंत, तो पाण्यावर. म्हणून तारीख धरली शनिवार, ६ ऑक्टोबर, दुपारी बारा, सेंट कॅसिमिर.

वाचलंस ना? ऑक्टोबर. तू याच गावात वाढलीस, तुला वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर म्हणजे बेसबॉलच्या बाद फेरीचे सामने. त्या महिन्यात लग्नाचा हॉल धरणं म्हणजे आपले हेरन्स गटात पहिले येत नाहीत हे गावाला छापून कळवणं. आणि ते कोणी करावं, तर मी. एकतीस वर्षं मैदानावरच्या धावफलकाच्या पोटात बसून आकड्यांच्या पाट्या अडकवतोय. एक घरचा सामना चुकवलेला नाही. इरेना गेली त्या आठवड्यात संघ बाहेरगावी होता, तेवढी तिनेही माझी सोय पाहिली.

पण ताई, मी डोकं शांत ठेवून हिशेब केला. पंचावन्न सामने झाले, वीस जिंकले, पस्तीस हरले. गटात तुमचे हॅमर्स तेरा सामने पुढे, मध्ये व्हीलर सिटीचे मस्टँग्ज. आमच्या संघाला बगळ्याचं नाव ज्याने दिलं तो द्रष्टा असला पाहिजे. आमचे फलंदाज एका पायावर उभे राहून, डोळे अर्धवट मिटून, चेंडू जाताना बघतात.

फादर कुलिकनी चर्चच्या हॉलची वही उघडली तर ऑक्टोबरचं पान कोरं करकरीत. चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, की ब्रोनिस्लाव, तुझी श्रद्धा गेली का. मी म्हटलं, देवावरची शाबूत आहे फादर, बाकीचं विचारू नका. सही केली. मैदानावर अजून कोणाला तारीख सांगितलेली नाही, नुसतं 'पानं गळायच्या सुमारास' असं म्हणतो.

माया आहे तशी राहू दे, हॅमर्सच्या घरात नांदूनही.

तुझा धाकटा,
ब्रोनिक

ॲशफर्ड
१९ जून १९७३

चि. ब्रोनिकास,
व्हांडाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी आधी रडले आणि मग ओटोला वाचून दाखवताना इतकी हसले की शेजारीण चौकशीला आली. एकसष्टाव्या वर्षी का होईना, तुला अक्कल आली. माझ्या लग्नात तू वेदीपाशी उभा राहून मला फितूर म्हणाला होतास, आठवतं? का, तर नवरा हॅमर्सचा. आता तुझा जावईही हॅमर्सचा. देवाच्या घरी उशीर असतो पण अंधेर नसतो.

हिशेब तू चोख केला आहेस. तुमचे बगळे वर येणं कठीण. काळजी सोड आणि पोरीच्या कपड्यांचं बघ. ती आपल्या आईचा, इरेनाचा, लग्नातला झगा घालणार म्हणते, तर मापं आताच घे. खसखशीचा केक मी आणीन, तुमच्या गावातला खाल्ला की दात दुखतात. हॉल कोणी धरला आहे हे लपवत बसू नकोस. सगळ्या गावाला माहीत असणार, फक्त तुला कोणी सांगत नसेल.

आशीर्वाद भरभरून आहेत, हातचं काही राखलेलं नाही.

तुझी,
व्हांडाताई

पोर्ट कॉर्विन
१२ ऑगस्ट १९७३

ती. ताईस,
ब्रोनिकचा शि. सा. न. वि. वि.

घोटाळा झाला आहे. बगळे जिंकायला लागले.

कारण ऐकशील तर तुला पटणार नाही. जुलैत आमच्या मॅनेजरला कावीळ झाली. तो घरी पडून उसाचा रस पितो, म्हणजे त्याच्या बायकोने कुठूनसा तो उपाय शोधून काढला आहे, आणि इकडे हुकूम देणारं कोणी नसल्यामुळे पोरं आपापल्या बुद्धीने खेळतात. गेल्या चौदात अकरा जिंकले. मालकांनी त्याला फुलं पाठवली आणि घाई करू नका असं कळवलं.

आजचा तक्ता: आम्ही चोपन्न विजय, बासष्ट हार. तुम्ही बासष्ट विजय, चोपन्न हार. आठ सामन्यांचं अंतर, शेहेचाळीस बाकी. आमच्या वर्तमानपत्रातला शहाणा लिहितो, बगळ्यांना शंभरात चार संधी. गावात सगळे म्हणतात, चार म्हणजे काही शून्य नव्हे.

तू म्हणालीस तसंच झालं, तारीख सगळ्यांना ठाऊक आहे. न्हाव्याने काल वस्तरा माझ्या गळ्यावर थांबवला आणि अगदी प्रेमाने विचारलं, की ब्रोनिक, बाद फेरीचा पहिला सामना सहा ऑक्टोबरला दुपारी एक वाजता इथंच आहे म्हणे, त्या दिवशी पाट्या कोण अडकवणार? मी मान हलवली नाही.

घरी आलो तर हालिना माझं तोंड बघून आपणहून म्हणाली, की बाबा, बगळे आलेच तर आपण लग्न फेब्रुवारीत करू, तुम्ही जिवाला घोर लावून घेऊ नका. पोर कोणाची आहे ते दिसलं. मी तिला म्हटलं, आधी येऊ तर देत.

मायेची ऊब चालू ठेव, इथं ऑगस्टातही मला घाम थंड सुटतो.

तुझा,
ब्रोनिक

पोर्ट कॉर्विन
१५ ऑगस्ट १९७३

ती. व्हांडाआत्यास,
हालिनाचा सा. न.

हे पत्र तुझ्या एकटीसाठी आहे, ओटोकाकांना वाचून दाखवू नकोस.

फेब्रुवारीचं मी बाबांना बोलून गेले आणि शब्द तोंडातून गेल्यावर शुद्धीवर आले. आत्या, फेब्रुवारीत मला आईचा झगा होणार नाही. शिंपिणीने सांगितलं आहे, कंबरेत शिवणीला बोटभरही वाव नाही. एमिल जुलैत चार दिवस येऊन गेला होता. हिशेबाने बाळ एप्रिलच्या सुरुवातीला. ऑक्टोबरात कोणाला काही दिसणार नाही. फेब्रुवारीत मागच्या बाकावरच्या आंधळ्या मिसेस सोबचाकलाही दिसेल.

एमिलला मी कळवलं आहे. तो आनंदाने वेडा झाला आहे आणि नको तितकी लांबलचक पत्रं लिहितो. कोर्टात जाऊन नोंदणी करू म्हणाला. मी म्हटलं, माझे वडील अजून जिवंत आहेत.

बाबांना मी लग्न झाल्यावर सांगणार आहे, आत्ता तोंड उघडत नाही. पण खरी अडचण वेगळीच आहे. तुला वाटेल, सहा तारखेलाच लग्न करायचं आणि बाबांनी फलक सोडून यायचं. ते येतीलही. मी सांगितलं तर हसत येतील. पण एकतीस वर्षं त्या लाकडी डब्यात बसून दुसऱ्या गावांचे बाद फेरीचे निकाल त्यांनी टांगले आहेत, आपल्या गावाचा एकदाही नाही. तो दिवस आला आणि मी त्यांना तिथून उठवलं, तर मला जन्मभर सलेल. आणि त्यांच्याशिवाय मला वेदीपर्यंत चालायचं नाही. म्हणून बगळे आलेच तर मी दिला शब्द पाळीन, फेब्रुवारी तर फेब्रुवारी. बोलणारे बोलतील.

ज्या संघाच्या झेंड्यात मला बाळपणी गुंडाळलं, तो हरावा म्हणून मी रात्रंदिवस देवाला विनवते आहे. मला पाप लागेल का?

तुझीच लाडकी,
हालिना

ॲशफर्ड
२० ऑगस्ट १९७३

चि. सौ. कां. हालिना हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद, या खेपेला दोघांसाठी.

रडू नकोस, रडल्याने झगा आणखी घट्ट होतो. तुझ्या आजीचं लग्न नोव्हेंबरातलं आणि माझा जन्म मे महिन्यातला. घरात कोणी मोजलं नाही, कारण आमच्यात मोजणारा एकच आणि तो तेव्हा जन्मायचा होता.

तू सांगणार नाहीस तर मीही सांगणार नाही. हॅमर्सना जिंकवायचं काम मी अंगावर घेतलं आहे. चाळीस वर्षं इथं राहून मी त्यांच्यासाठी कधी मनापासून टाळी वाजवली नाही, ओटोला सोबत म्हणून बसायचे. आता रोज सेंट बोनिफेसमध्ये मेणबत्ती लावते. ओटोला वाटतं मी शेवटी सुधारले, आणि तो गहिवरून माझ्यासाठी खुर्ची सरकवतो.

काम सोपं नाही हे मात्र सांगून ठेवते. आमचे दोन मोठे पिचर एकमेकांशी बोलत नाहीत. एकाने दुसऱ्याच्या मेव्हणीला काहीतरी म्हटलं. तिसरा बोलतो, पण त्याला चेंडू टाकता येत नाही.

पापाचं विचारलंस. देवाला इतकी वर्षं बगळ्यांची प्रार्थना ऐकायची सवयच नाही, तो गोंधळणार नाही. भरपूर दूध पी.

जीव लावून,
आत्या

पोर्ट कॉर्विन
४ सप्टेंबर १९७३

ती. ताईस,
ब्रोनिकचा शि. सा. न. वि. वि.

आता बोल. हॅमर्स एकोणसत्तर विजय, सदुसष्ट हार. मस्टँग्ज सदुसष्ट–एकोणसत्तर. आम्ही सहासष्ट–सत्तर. तीन सामन्यांत तिघे आणि सव्वीस बाकी. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, इथं तर तिघीही लंगड्या आणि चढाओढ कोण कमी लंगडतं याची.

मी तिघांना तोलून पाहिलं आहे. मस्टँग्जच्या कॅचरचा अंगठा मोडला, त्यांचं नाव पुसून टाक. तुमच्याकडे पिचर आहेत पण त्यांचं आपसात फाटलं आहे असं आमच्या पेपरात आलंय. आमच्याकडे पिचर नाहीत, म्हणून भांडण नाही. शहाण्याने आमची संधी शंभरात तीसवर नेली आहे. मी न्हाव्याकडे जाहीर सांगितलं, की तीस काय, पन्नास म्हणा. लोक टाळ्या वाजवतात. मी एवढा मोठ्याने कधी बोलत नसे, पण आता बोलतो. घरीही जेवताना हालिनाला सगळा हिशेब समजावतो. ती मान खाली घालून ऐकते.

पोरीला उन्हाची बाधा झाली आहे. सकाळी कॉफीचा वास सोसत नाही, म्हणून मी कॉफी मैदानावर जाऊन पितो. घरात सॉसेज तळणं बंद केलं, बटाट्यावर भागवतो. ती लहानपणापासून फलकाच्या शिडीवरून माझ्याकडे वर यायची, तेही मी बंद केलं आहे. शिडीची तिसरी पायरी हलते. तिला खाली खुर्ची टाकून दिली.

मॅनेजर बरा होतोय अशी अफवा आहे. गावात चिंता पसरली आहे.

तुझी माया गटात कायम पहिली, तिला कोणी गाठू शकत नाही.

ब्रोनिक

ॲशफर्ड
२२ सप्टेंबर १९७३

चि. ब्रोनिकास,
अनेक आशीर्वाद, पण थोडे रागावून.

आज पेपरात छापलं आहे की बगळे हॅमर्सच्या अर्ध्या सामन्याने मागे आहेत. हा अर्धा सामना कोण खेळतं ते मला ओटो तासभर समजावत होता. तुम्ही एक सामना कमी खेळलात एवढं सांगायला त्याला भिंतीवर खडूने आकृती काढावी लागली. ती मी पुसणार नाही, पाहुण्यांना दाखवीन.

ब्रोनिक, मी तुझी थोरली बहीण आहे आणि आडवळणाने बोलायची मला सवय नाही. दोन आठवड्यांवर लग्न आलं. तू चार पानं भरून पिचर, कॅचर आणि अंगठे लिहितोस, आणि सहा तारखेला बगळे खेळत असले तर तू कुठे असणार, एवढी एक ओळ लिहीत नाहीस. पोरीला टांगणीला का लावून ठेवलं आहेस? फेब्रुवारीत इथले रस्ते बंद असतात. माझं वय झालं, ओटोचा गुडघा आहे. आम्हाला ऑक्टोबरच सोयीचा. माझ्यासाठी तरी तुझ्या त्या बगळ्यांना म्हणावं, पाण्यात परत जा.

उत्तर दे. पाट्या नकोत, उत्तर.

आशीर्वाद आहेतच, तुझ्या वागण्यावर ते अवलंबून नाहीत म्हणून.

व्हांडाताई

पोर्ट कॉर्विन
२७ सप्टेंबर १९७३

ती. आत्यास,
हालिनाचा सा. न.

मस्टँग्ज मागे पडले. आपण आणि हॅमर्स, दोघेही ऐंशी विजय, एकोणऐंशी हार. शुक्रवार, शनिवार, रविवार इथंच, समोरासमोर. तीन सामन्यांतले दोन जो जिंकेल तो वर.

गेल्या रविवारी फादर कुलिकनी वेदीवरून माझ्या आणि एमिलच्या लग्नाची तिसरी आणि शेवटची घोषणा केली, आणि श्वासही न घेता आपल्या हेरन्सच्या यशासाठी सर्वांनी गुडघे टेकावेत असं म्हणाले. अख्खं चर्च खाली बसलं. माझ्या शेजारी बाबा डोळे मिटून इतके घट्ट हात जोडून बसले होते की त्यांची बोटं पांढरी पडली. त्यांच्याकडे बघून मला माझी प्रार्थना पुढे म्हणवेना.

तुझ्या पत्राबद्दल त्यांनी एवढंच सांगितलं, की ताई रागावली आहे, रविवारनंतर लिहीन. हॉल रद्द करायचं पत्र मी लिहून ठेवलं आहे. बगळे जिंकले तर सोमवारी सकाळी फादरांकडे नेऊन देईन. एमिल त्याच दिवशी दुपारी उतरतो, त्याला स्टेशनवरच सांगावं लागेल. झगा काल घालून पाहिला. श्वास रोखला तर बसतो.

तुझी,
हालिना

ॲशफर्ड
रविवार, ३० सप्टेंबर १९७३

चि. सौ. कां. हालिना हिस,
आत्याचे आशीर्वाद.

सुटलीस, बाळे. हॅमर्स चार, बगळे तीन. ते पत्र चुलीत घाल.

पण माझ्याकडून एक गुन्हा झाला, तो तुलाच सांगते. शुक्रवारी तुम्ही जिंकलात, शनिवारी आम्ही, आणि आज मी जपमाळ घेऊन रेडिओपुढे बसले. शेवटच्या डावापर्यंत माझं चित्त अगदी जागेवर होतं. मग तुमचे दोन बाद झाले, एक जण तिसऱ्या बेसवर पोचला, म्हणजे बरोबरीची धाव एका टप्प्यावर, निवेदकाने पोर्ट कॉर्विनचं मैदान उभं राहिलं आहे म्हणून सांगितलं, आणि मागून गर्दीचा तो आवाज आला. तोच आवाज, माझ्या बाबांच्या खांद्यावर बसून ऐकलेला. मी खुर्चीवर चढले आणि ओरडले, की आण रे बगळ्या त्याला घरी. जपमाळ तुटून मणी कपाटाखाली गेले. ओटो माझ्याकडे असा बघत होता की जणू चाळीस वर्षं घरात परका माणूस राहिला.

पुढच्याच चेंडूवर तुमचा माणूस बाद झाला आणि मी ढसाढसा रडले. कशासाठी ते मला अजून नीट सांगता येत नाही. तुझ्यासाठी आनंद आहेच. ब्रोनिकसाठी मात्र काळीज तुटतंय. त्याच्याजवळ बस, काही बोलू नकोस.

शुक्रवारी केक घेऊन पोचते.

तुझी फितूर आत्या

पोर्ट कॉर्विन
१ ऑक्टोबर १९७३

ती. व्हांडाताईस,
ब्रोनिकचा शि. सा. न. वि. वि.

तुला उत्तर हवं होतं, ते आता देतो.

आम्ही हरलो. सकाळपासून लोक घरी येताहेत, बायका झाकलेली भांडी आणताहेत, घरात माणूस गेल्यासारखं वातावरण आहे. फादर कुलिक खांद्यावर हात ठेवून म्हणाले, की ब्रोनिस्लाव, पुढचं वर्ष आहे. मी मान हलवतो आणि डोळे पुसतो. सगळ्यांना वाटतं की त्यांना कारण माहीत आहे.

ताई, मला ऑगस्टपासून ठाऊक आहे. इरेनाला हालिनाच्या वेळी कॉफी अशीच सोसत नव्हती. जुलैत पोरगा येऊन गेला, तिथून मोजायला मला पाट्या लागत नाहीत. तू पण जाणून आहेस, नाहीतर तुला एकाएकी फेब्रुवारीतल्या रस्त्यांची काळजी लागली नसती.

तू विचारशील, मग सरळ का बोललो नाहीस. बोललो असतो तर काय झालं असतं ते सांगतो. मी म्हटलं असतं, पोरी, बगळे गेले खड्ड्यात, लग्न सहालाच. तिने लगेच ओळखलं असतं की एकतीस वर्षं फलकात बसलेला माणूस असं फुकट बोलत नाही. ही गोष्ट बापाला लग्नानंतर, मान वर करून सांगायची, असं तिने मनाशी ठरवलं आहे. तेवढा तिचा मान तिच्याकडून कसा काढून घेऊ? आणि काही न बोलता नुसता फलक सोडून आलो असतो, तर तिने मला येऊ दिलं नसतं. ती फेब्रुवारीच करून बसली असती. हॉल रद्द करायचं पत्र तिने लिहून ठेवलं होतं. ते मी तिच्या खणात पाहिलं, शिंपिणीची पावती शोधताना. म्हणून महिनाभर न्हाव्याकडे आणि जेवणाच्या टेबलावर संधी मोजत राहिलो, जितका घाबरलो तितका मोठ्याने. सुटकेची वाट मला एकच दिसत होती, आणि ती हरण्याची.

काल शेवटच्या डावात आपला माणूस तिसऱ्या बेसवर, दोन बाद. मैदान उभं. फलकाच्या फटीतून मला खाली हालिना दिसत होती, खुर्चीत, तोंडावर दोन्ही हात घेऊन. मी हातातली पाटी खाली ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा देवाजवळ मागितलं, की ह्याला बाद कर. आपला फलंदाज बॅट खांद्यावर ठेवून चेंडू जाताना बघत राहिला, आणि तो तिसरा सोडलेला चेंडू म्हणून बाद झाला. एकतीस वर्षं बगळे जिंकावेत म्हणून मी जे मागितलं त्यातलं एक देवाने ऐकलं नाही, आणि हे ऐकायला त्याला एक चेंडू पुरला. मग मी शून्याची पाटी उचलली आणि अडकवली. खिळा डोळ्यांना दिसत नव्हता, चाचपून अडकवली.

तर शनिवारी बारा वाजता मी सेंट कॅसिमिरमध्ये आहे, नव्या बुटांत. तूही ये, आणि मला माहीत आहे हे हालिनाला कधी कळू देऊ नकोस. लग्नानंतर सांगेन असं तिने ठरवलं असलं तरी मी तिला ओळखतो, तिची हिंमत होणार नाही. एप्रिलमध्ये ती माझ्यापुढे बाळ धरील आणि म्हणेल, की बाबा, हे जरा लवकरच आलं, सहाव्या महिन्यात. नऊ पौंडांचं असलं तरी मी विश्वास ठेवीन. एकतीस वर्षं बगळ्यांवर ठेवला, मला ते जड जाणार नाही.

तुझ्या मायेवर विसंबून,
धाकटा ब्रोनिक